पुस्तके जमिनीखाली, वाचक उजेडात

कुठल्याही जुन्या विद्यापीठाच्या ग्रंथपालाशी बोलायला बसा, पाच मिनिटांत विषय जागेवर येतो. पुस्तके दरवर्षी येत राहतात आणि एकदा दाखल क्रमांक पडलेले पुस्तक सहसा बाहेर जात नाही. विद्यार्थीही वाढत राहतात, आणि त्यांच्या गरजा बदललेल्या असतात. त्यांना लॅपटॉपसाठी टेबलाशेजारी प्लगपॉइंट हवा असतो, चौघांनी मिळून बोलत काम करायला खोली हवी असते, परीक्षेच्या दिवसांत रात्रभर उघडे राहणारे दालन हवे असते. इमारत मात्र तेवढीच राहते. मग कोणी सुचवतो की आता सगळे ऑनलाइन मिळते, तेव्हा कपाटे हलवा आणि खुर्च्या मांडा. त्यावर दुसरा संतापतो की पुस्तकेच नसतील तर ग्रंथालय कसले. हा वाद जगभर चालू आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो पुस्तक विरुद्ध विद्यार्थी अशा चुकीच्या वळणावर जाऊन अडकतो.

अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाने या प्रश्नाचे जे उत्तर काढले, ते मला फार मोलाचे वाटते. त्यात मराठी पुस्तकांचाही संबंध आहे, तो पुढे येईल.

विद्यापीठाची स्थापना १८९० सालची. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या नावाचे ग्रंथालय १९१२ मध्ये उभे राहिले. उंच छताचे, दगडी कमानींचे, बघताच आवाज आपोआप खाली यावा असे त्याचे वाचनदालन आहे. पन्नासएक वर्षांत ते अपुरे पडू लागले, आणि १९७० मध्ये रेगेन्स्टाइन ग्रंथालय उघडले. विद्यार्थी त्याला नुसते ‘रेग’ म्हणतात. वॉल्टर नेट्श या वास्तुविशारदाने आखलेली ही प्रचंड करडी इमारत आहे. जमिनीखाली दोन मजले आणि वर पाच. ज्या जागेवर ती आहे तिथे पूर्वी विद्यापीठाचे फुटबॉलचे मैदान होते. विद्यापीठाने १९३९ मध्ये फुटबॉल संघच बंद केला, मैदानाच्या प्रेक्षागाराखालची जागा ओस पडली, आणि तिथेच २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवून आणली. त्या घटनेचे स्मारक म्हणून हेन्री मूर यांचे ब्राँझ शिल्प आज तिथे उभे आहे. ग्रंथालयाचा पुढचा विस्तार झाला तो याच शिल्पाच्या शेजारी.

रेगेन्स्टाइनची इमारत त्या काळाच्या मानाने उत्तम होती, पण ती कागदाच्या युगात आखलेली होती. १९७० साली विद्यार्थ्याच्या टेबलाला विजेची गरज म्हणजे एक दिवा. पुस्तकांसाठी मात्र तिथे भरपूर विचार होता. ग्रंथालयाचे नूतनीकरण करताना सर्वांत आधी बघायची गोष्ट भिंतींचा रंग नव्हे, जमिनीची ताकद. पुस्तके फार जड असतात. अमेरिकेतल्या बांधकाम नियमांनुसार पुस्तकांच्या रॅकखालची जमीन दर चौरस फुटाला १५० पौंड भार पेलेल अशी लागते, वाचनकक्षाची जमीन ६० पौंडांची असली तरी चालते. याचा अर्थ असा की जिथे रॅक होते तिथे उद्या टेबल-खुर्च्या मांडता येतात, पण वाचनकक्षात परवा रॅक भरता येत नाहीत. रुळांवर सरकणाऱ्या दाट कपाटांना तर रॅकच्याही दुप्पट भार लागू शकतो. त्यामुळे एकदा पुस्तकांची जागा माणसांना दिली की गोष्ट तिथे संपत नाही. पुस्तके कुठे जाणार हा प्रश्न त्याच दिवशी दारात उभा राहतो.

या शतकाच्या सुरुवातीला रेगेन्स्टाइन भरत आले. अशा वेळी मोठ्या विद्यापीठांनी रुळवलेली एक वाट तयार होती. हार्वर्डने १९८६ मध्येच गावाबाहेर एक कोठार बांधले होते. तिथे पुस्तके विषयवार लावत नाहीत. त्यांच्या आकाराप्रमाणे ती दाटीवाटीने उंच रॅकवर रचतात, बारकोडवरून शोधतात आणि मागणी आली की गाडीने विद्यापीठात पाठवतात. जमीन स्वस्त, खर्च कमी, पुस्तके सुरक्षित. पुष्कळ विद्यापीठांनी हेच केले, आणि त्यात गैर काहीच नाही. पण पुस्तक हातात यायला एक दिवस जातो, आणि संशोधकाचे काम असे एकेका पुस्तकावर दिवस-दिवस थांबून चालत नाही. एका तळटिपेवरून दुसऱ्या पुस्तकाकडे, तिथून तिसऱ्या नियतकालिकाच्या १९२३ च्या अंकाकडे, असे ते चालते. त्या साखळीत प्रत्येक दुव्याला रात्र मध्ये आली तर माणूस हळूहळू मागवणेच सोडून देतो. पुस्तक यादीत असते, पण व्यवहारात नसल्यासारखेच.

शिकागोने ठरवले की संग्रह विद्यापीठाच्या आवारातच ठेवायचा. यामागे केवळ भावना नव्हती. विद्यापीठाच्या पाहणीत एक गोष्ट दिसली होती: इलेक्ट्रॉनिक साधने जे सर्वांत जास्त वापरतात, छापील पुस्तकेही तेच सर्वांत जास्त वापरतात. पडद्यावर वाचणारी पिढी कागद सोडते हे गृहीतक निदान तिथे तरी टिकले नाही. मला हे अगदी पटते. गंभीर काम करणारा विद्यार्थी माध्यम बघत नाही. जे लागेल ते, जिथे असेल तिथून मिळवतो.

मग रेगेन्स्टाइनच्या पश्चिमेला खोदकाम सुरू झाले. २००८ ते २०११ या काळात जो आणि रिका मॅन्सुएटो ग्रंथालय उभे राहिले. हे दोघेही याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. त्यांनी २५ दशलक्ष डॉलर दिले. एकूण खर्च ८१ दशलक्ष डॉलर झाला. वास्तुविशारद हेल्मुट यान. जन्म जर्मनीतला, पण १९६६ मध्ये शिकायला शिकागोला आले ते तिथलेच झाले. त्यांची कल्पना एका वाक्यात सांगता येते: पुस्तके खाली आणि माणसे वर. शेजारी रेगेन्स्टाइनसारखी दगडी भिंत असताना यान यांनी जमिनीच्या वर जवळजवळ काही बांधलेच नाही. २४० फूट लांब, १२० फूट रुंद आणि मध्यभागी ३५ फूट उंच असा काचेचा लंबगोल घुमट तेवढा दिसतो. त्याखाली १८० जणांचा वाचनकक्ष आहे आणि दुसऱ्या बाजूला पुस्तकांची दुरुस्ती व डिजिटायझेशन करणाऱ्या कार्यशाळा. खरे ग्रंथालय याच्या खाली आहे, ५० फूट खोल.

खाली का, याचे उत्तर जागेत जितके आहे तितकेच हवेतही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून छपाईचा कागद लाकडाच्या लगद्यापासून बनू लागला आणि त्यात आम्ल राहू लागले. ते आम्ल कागदातल्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडत राहते. साखळी आखूड झाली की कागदाची लवचीकता जाते. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या वाचनालयात १९४०-५० मधली कादंबरी उघडून बघा. पान पिवळे नव्हे, तपकिरी झालेले असते. कोपरा दुमडला की तुकडाच हातात येतो, आणि पुस्तक परत मिटताना मांडीवर कागदाचा भुगा पडतो. ते पुस्तक कोणी वाईट वापरलेले नसते. ते आतून जळत आलेले असते, अगदी संथपणे. ही प्रक्रिया थांबवता येत नाही, पण थंड आणि कोरड्या हवेत ती फार मंदावते.

माणसाला मात्र तशा हवेत तासन्‌तास बसवत नाही. शिकागोच्या तळघरात सुमारे १६ अंश सेल्सिअस तापमान आणि ३० टक्के आर्द्रता राखतात. त्या हवेत विद्यार्थी स्वेटर चढवून बसेल आणि तासाभरात उठून जाईल. वाचक आणि पुस्तके एकाच दालनात असली की हवा वाचकाच्या सोयीची ठेवावी लागते आणि किंमत पुस्तके मोजतात. दोघांना वेगळे केले की दोघांनाही आपापली हवा मिळते. विस्ताराचा आराखडा बघताना खुर्च्या मोजल्या जातात, पण हा मुद्दा क्वचितच कोणी विचारात घेते. मला तर तो या साऱ्या रचनेचा गाभा वाटतो.

तळघरातली मांडणी ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या माणसाला आधी धक्का देणारी आहे. तिथे वर्गीकरण नाही. तत्त्वज्ञानाशेजारी तत्त्वज्ञान आणि इतिहासाशेजारी इतिहास असे काही नाही. स्वयंपाकघरातल्या फडताळात डबे उंचीप्रमाणे लावावेत तशी पुस्तके उंचीप्रमाणे पत्र्याच्या मोठ्या पेट्यांत ठेवलेली असतात. अशा सुमारे २४ हजार पेट्या आहेत आणि त्या जमिनीखाली एकावर एक रचलेल्या रॅकमध्ये बसवलेल्या आहेत. एका पेटीत पुष्कळ पुस्तके मावतात. रॅकच्या ओळींमधल्या बोळांत पाच क्रेन वर-खाली, पुढे-मागे धावतात. वाचकाने ऑनलाइन यादीत पुस्तक शोधून मागणीचे बटण दाबले की संगणक ते कोणत्या पेटीत आहे ते पाहतो, क्रेन ती पेटी ओढून वर कर्मचाऱ्यापुढे आणते, कर्मचारी पेटीतून हाताने नेमके पुस्तक काढतो, बारकोड वाचवतो, आणि पुस्तक देवघेव काउंटरवर येते. सगळ्याला मिनिटे लागतात, तास नाहीत. परत आलेले पुस्तक जुन्याच पेटीत जायला हवे असेही नाही. योग्य उंचीच्या ज्या पेटीत जागा असेल तिथे ते जाते आणि संगणक नवी जागा लक्षात ठेवतो. या पद्धतीने नेहमीच्या रॅकच्या एक-सप्तमांश जागेत पुस्तके मावतात. ३५ लाख खंडांची सोय त्या एका खड्ड्यात झाली आहे. कारखान्यांच्या गोदामांतले हे तंत्र ग्रंथालयात आणण्याचा मान कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिज इथल्या राज्य विद्यापीठाकडे जातो. तिथे ते १९९१ पासून आहे.

घुमटाबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण काचेचे वाचनालय म्हटले की आपल्या मनात पहिली शंका उन्हाची येते. घुमटाला ६९१ काचा आहेत आणि त्यांवर बारीक ठिपके भाजून पक्के केलेले आहेत. जवळून पाहिले तर ठिपके, टेबलावरून वर पाहिले तर फक्त आकाश. उष्णतेचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग ही काच बाहेरच अडवते आणि प्रकाश निम्मा आत घेते. शिकागोच्या लांबलचक हिवाळ्यात, जिथे संध्याकाळी साडेचारलाच अंधारून येते, दिवसाचा उजेड मिळेल तेवढा पदरात पाडून घेण्याला मोठा अर्थ आहे. विद्यार्थ्यांनी ते दालन पहिल्याच वर्षात आपलेसे केले यात नवल नाही.

पण या व्यवस्थेत काहीतरी हरवतेच, आणि ते लपवण्यात शहाणपण नाही. पेटीत गेलेले पुस्तक योगायोगाने सापडत नाही. रॅकपुढे उभे राहून एक पुस्तक काढताना शेजारच्या पुस्तकावर नजर जाते, ते उघडले जाते, आणि कधीकधी प्रबंधाची दिशाच बदलते. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात वाचकाला थेट रॅकपर्यंत जाऊ देणाऱ्या मुक्तद्वार पद्धतीचा एवढा आग्रह धरला तो याचसाठी. १९३१ मध्ये त्यांनी मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे वाचकाच्या वेळेविषयी आणि पाचवे ग्रंथालयाच्या वाढीविषयी आहे. त्या दोन सूत्रांची ओढाताण विस्ताराच्या प्रत्येक प्रकल्पात होते: ग्रंथालय वाढले की पुस्तक वाचकापासून लांब जाते, जवळ ठेवावे तर वाढायला जागा उरत नाही. रंगनाथन यांची सूत्रे आपल्याकडे परीक्षेत पाठ होतात. इमारतीचा नकाशा समोर असताना ती कोणी काढली तर त्यांची धार कळते.

शिकागोच्या ग्रंथपालांनी हा पेच निवडीने सोडवला. जी पुस्तके चाळून, शेजारपाजार बघून वापरली जातात, ती रेगेन्स्टाइनच्या खुल्या रॅकवरच राहिली. तळघरात गेले ते नियतकालिकांचे बांधीव खंड, ज्यांच्या डिजिटल प्रती उपलब्ध आहेत असे संच, आणि हस्तलिखिते व जुने दफ्तर, जे तसेही मागितल्याशिवाय वाचकाच्या हाती दिले जात नव्हते. नियतकालिकाचा १९५८ चा खंड कोणी सहज चाळायला जात नाही; लेखाचा संदर्भ हातात घेऊनच जातो. त्याला पेटीतून खंड मिळाला तर काही बिघडत नाही. एकेका संचाविषयी असा निर्णय घ्यायचा म्हणजे तो कसा वापरला जातो हे ठाऊक असायला हवे. ते ज्ञान वास्तुविशारदाकडे नसते आणि क्रेन बनवणाऱ्या कंपनीकडे तर नसतेच. वर्षानुवर्षे काउंटरवर बसलेल्या ग्रंथपालाकडे ते असते.

याच काळात आवारातल्या इतर इमारतींचीही कामे बदलत गेली. जुन्या हार्परमधून २००९ मध्ये पुस्तके हलवली आणि ते देखणे दालन चोवीस तास चालणारी अभ्यासिका झाले. जॉन क्रेरार या विज्ञान ग्रंथालयातले काही मजले २०१८ मध्ये संगणकशास्त्र विभागाला मिळाले. रेगेन्स्टाइनमध्ये खालचे मजले बोलके आणि वरचे शांत अशी वाटणी रुळली. विद्यार्थ्यांनी चालवलेले कॉफीचे दुकानही तिथेच आहे. काही मिनिटांच्या चालीत एक इमारत निव्वळ बसायला, एक पुस्तकांत हिंडायला आणि एक साठवणीला, अशी तीन प्रकारची सोय झाली. हार्परमधली पुस्तके हलवली तेव्हा ती गावाबाहेर गेली नाहीत, म्हणून तो बदल पचला. याउलट न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने फिफ्थ अव्हेन्यूवरच्या मुख्य इमारतीतली रॅक काढून पुस्तकांचा मोठा भाग न्यू जर्सीतल्या कोठारात धाडण्याची योजना आखली होती. लेखक-अभ्यासकांनी इतका विरोध केला की २०१४ मध्ये ती सोडून द्यावी लागली.

आता मराठीचा संबंध. पी. एल. ४८० हे नाव जुन्या पिढीला रेशनच्या गव्हामुळे माहीत आहे. १९५४ च्या त्या अमेरिकी कायद्याखाली भारताला धान्य रुपयांत विकले गेले आणि ते रुपये इथेच साचले. त्यातल्या काही रकमेतून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ पासून दिल्लीतल्या कार्यालयामार्फत भारतीय भाषांतली पुस्तके विकत घ्यायला सुरुवात केली, आणि त्यांच्या प्रती निवडक अमेरिकी विद्यापीठांना गेल्या. शिकागो त्यांपैकी एक. तिथल्या दक्षिण आशिया संग्रहाची धुरा मॉरीन पॅटरसन यांनी दीर्घकाळ वाहिली. चित्पावनांच्या कुलवृत्तांतांवर त्यांनी अभ्यासपूर्ण लेखन केले आहे. आपल्याकडे घरोघरी कपाटात पडून असलेले कुलवृत्तांत हे समाजशास्त्राचे साधन आहे, हे त्यांनी फार लवकर ओळखले होते.

याच विद्यापीठाने पुढे दक्षिण आशियाई भाषांचे शब्दकोश इंटरनेटवर मोफत खुले केले. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, वझ्यांचा कोश, मॅक्सीन बर्नसन यांचा कोश, शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश, हे सगळे तिथे शोधता येतात. मराठीत लिहिणारी, भाषांतर करणारी असंख्य माणसे दिवसातून अनेकदा ते पान उघडतात, मीही त्यांतलाच. कोशाला शेजार लागत नाही, शब्द टाकला की अर्थ मिळाला पाहिजे, म्हणून तो पडद्यावर छापील खंडापेक्षाही कामाचा ठरतो. पण साठ-सत्तरच्या दशकांत स्वस्त कागदावर छापलेली मराठी पुस्तके हा वेगळा प्रश्न आहे. सगळ्यांच्या डिजिटल प्रती झालेल्या नाहीत, आणि कागद तर झिजतोच आहे. त्यांच्यासाठी थंड, कोरडी हवा ही चैन नव्हे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तीच पुस्तके बुरशी, वाळवी आणि कसर यांच्या तोंडी आहेत.

आपल्याकडे मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आवारातले राजाबाई टॉवरचे ग्रंथालय २०१३ ते २०१५ या काळात फार निगुतीने दुरुस्त झाले. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभी राहिलेली, जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आखलेली ती १८७८ ची वास्तू. तिचे रंगीत काचकाम आणि दगडकाम पुन्हा उजळले, याचा आनंद आहे. तो वारसा वाचवण्याचा प्रकल्प होता. मात्र पुण्याचे जयकर ग्रंथालय असो वा इतर विद्यापीठांची ग्रंथालये, तिथला रोजचा प्रश्न निराळा आहे. सकाळी दार उघडायच्या आधी रांग लागते ती बव्हंशी स्पर्धा परीक्षांच्या मुलांची. ती स्वतःची पुस्तके पिशवीतून आणतात, त्यांना टेबल, पंखा, पाणी, शांतता आणि रात्री उशिरापर्यंतची वेळ हवी असते. ती गरज खरी आहे आणि तिला कमी लेखणे अन्यायाचे होईल. ज्या मुलाच्या भाड्याच्या खोलीत चौघे राहतात त्याला दुसरी जागाच नसते. पण या सोयीसाठी संदर्भ विभागाची रॅक हटवायची गरज नाही. रॅकचा भार न पेलणारी एखादी जुनी इमारत हार्परप्रमाणे चोवीस तासांची अभ्यासिका म्हणून देता येते.

क्रेन आणि काचेचे घुमट आपल्या विद्यापीठांना परवडणार नाहीत, आणि वीजपुरवठा खंडित झाला की पेटीतले पुस्तक बाहेर काढायचे कसे हा प्रश्नही आपल्याकडे जास्त गंभीर आहे. शिवाय तळघर म्हटले की आपल्या पावसाळ्यात पाणी आलेच. पण बांधीव नियतकालिके आणि क्वचित मागितली जाणारी पुस्तके आवारातल्याच एका मजबूत जमिनीच्या, कोरड्या, वातानुकूलित दालनात आकारवार दाट लावणे, त्यांना बारकोड देणे आणि मागणी आल्यावर अर्ध्या तासात पुस्तक काउंटरवर आणून देणे, एवढे तर जमण्यासारखे आहे. त्यासाठी निविदा काढण्याआधी गेल्या दहा वर्षांची देवघेवीची नोंद काढावी लागेल: कोणते पुस्तक किती वेळा गेले, कोणते रॅकवरून काढून टेबलावर वाचले गेले, कोणत्या विषयात विद्यार्थी एकाच फेरीत चार-पाच पुस्तके उचलतात. टेबलावर वाचून तिथेच सोडलेल्या पुस्तकांची नोंद बहुतेक ठिकाणी कोणी ठेवत नाही. संध्याकाळी शिपाई ती उचलून रॅकवर लावतो आणि वापराचा तो सगळा पुरावा पुसला जातो. परत लावण्याआधी प्रत्येक पुस्तकाचा बारकोड एकदा वाचवायचा, एवढ्याने तो जपता येतो.